कूटचे युद्धकैदी: पणजोबांचं पदक आणि देव्हाऱ्यातला घोडा

माणकाठची (रविवार, रात्री ९:४०)

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. घोड्यावर बसलेला देव, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा. घरात सगळे सांगतात की पणजोबा रोज पूजा करायचे, पण या टाकाला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. बाकीचे देव स्वतः धुवायचे, पुसायचे. खंडोबाला मात्र लांबूनच भंडारा आणि फूल. का, ते कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. "बसऱ्याला गेले होते, तुर्कांच्या कैदेत होते" एवढं एकच वाक्य आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. परत आले तेव्हा आजी-आजोबांच्या शब्दांत "नुसता सापळा" होते. पाच-सहा महिने ताकभाताशिवाय काही पचलं नाही. त्यानंतर चाळीस वर्षं जगले. शेती केली, मुलांची लग्नं केली, पण युद्धाबद्दल बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात वाड्याची माळवद उतरवताना एक पत्र्याची पेटी निघाली. त्यात फडक्यात गुंडाळलेलं एक पदक. एका बाजूला राजाचं डोकं. दुसऱ्या बाजूला एक उघडाबंब माणूस घोड्यावर बसलेला, १९१४ आणि १९१८ हे आकडे. कडेला इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत, पण खूप झिजलीत. '११७ मराठाज' एवढं भिंगाखाली नीट लागतं. त्याआधी पणजोबांचं नाव आहे, तेही कसंबसं लागतं.

आणखी एक. आमच्या माळावर एक तुकडा आहे, निव्वळ खडक. तिथे काही उगवत नाही. त्याला घरात सगळे 'रासलैन' म्हणतात. हे नाव पणजोबांनीच पाडलं. आम्हाला लहानपणी वाटायचं रासलीलेशी काही संबंध असेल. कुणाला याचा अर्थ लागतो का?

इथे लष्करी इतिहासाची माहिती असलेले लोक आहेत, म्हणून लिहितेय. कुठून सुरुवात करू?

---

पलटणवेडा (रविवार, रात्री ११:१५)

ताई, तुमचा धागा वाचून झोप उडाली. सांगायचं बरंच आहे, जमेल तसं लिहितो.

आधी 'रासलैन'. हे रास-अल-ऐन. आजच्या सीरियात, तुर्कस्तानच्या सीमेला चिकटलेलं गाव. बर्लिन-बगदाद रेल्वेचं काम तिथे चालू होतं आणि कूटला पकडलेल्या हिंदी कैद्यांपैकी मोठा हिस्सा त्या रेल्वेच्या कामाला जुंपला होता. म्हणजे तुमचे पणजोबा कूटचे. ११७ मराठाज कूटमध्ये होती, त्यामुळे हेही जुळतं.

कूट (कूट-अल-अमारा) हे आजच्या इराकात, टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं मातीच्या घरांचं गाव. तिथे इंग्रजांची जी फौज अडकली ती सहावी डिव्हिजन, तिचं नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) कंपन्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागातली माणसं या पलटणींत भरलेली होती.

१९१५ च्या नोव्हेंबरात ही डिव्हिजन बगदादच्या उंबऱ्यापर्यंत, टेसिफोनपर्यंत गेली. तिथे चार हजारांहून जास्त माणूस मेला किंवा जखमी झाला. तिथून माघार घेत ३ डिसेंबरला थकलेली फौज कूटला पोचली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. सेनापती टाउनशेंडने वरिष्ठांना कळवलं की धान्य महिनाभराचं आहे. प्रत्यक्षात ते बरंच जास्त होतं, गावातल्या घरांची झडती घेतल्यावर आणखी सापडलं. पण त्या निरोपामुळे सुटकेसाठी निघालेली फौज पूर्ण तयारी न होताच चिखलात ढकलली गेली. वेढ्यातल्या तेरा हजारांना सोडवायला तेवीस हजारांच्या आसपास माणूस मेला नाहीतर जखमी झाला आणि सुटका काही झाली नाही.

२९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पकडलेल्यांचे आकडे असे: ब्रिटिश अधिकारी २७७, हिंदी अधिकारी २०४, ब्रिटिश शिपाई २,५९२, हिंदी शिपाई ६,९८८ आणि 'फॉलोअर्स' म्हणजे पलटणीबरोबरचे भिस्ती, लांगरी (स्वयंपाकी), धोबी, झाडूवाले वगैरे ३,२४८.

पुढचं उद्या लिहितो.

---

कृष्णाकाठ (सोमवार, सकाळी ७:०५)

वाचतेय. 'रासलैन' वाचून अंगावर काटा आला. शंभर वर्षं एका खडकाळ तुकड्याने ते नाव धरून ठेवलं.

---

फौजी_निवृत्त (सोमवार, सकाळी ८:३०)

मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत बावीस वर्षं काढली. बेळगावच्या सेंटरवर रिक्रूट होतो तेव्हा उस्ताद लोक जुन्या लढायांची नावं पाठ करून घ्यायचे. कूटचं नाव यायचं, पण शरणागती असल्यामुळे त्यावर कुणी फार बोलायचं नाही.

ताई, एक विचारतो. पदक चांदीचं आहे का? मेडलच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव, पलटण या क्रमाने मजकूर असतो. नावाआधीची अक्षरं नीट बघा. शिपाई असेल तर 'एसईपी' असं काहीतरी दिसेल.

---

पलटणवेडा (सोमवार, दुपारी १:२०)

थोडं पुढचं.

वेढ्यातली भूक कशी होती ते समजल्याशिवाय कैदेत इतकी माणसं का मेली ते कळत नाही. मार्च उजाडेपर्यंत भाजीपाला संपला होता. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, जखमा भरेनात. गवत, रानपाला उकडून खाल्ला, त्यातही काही विषारी निघाला. शेवटी शेवटी हिंदी शिपायाला दिवसाला चार-पाच औंस जवाचं पीठ मिळायचं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. दळायला जाती नव्हती, म्हणून विमानांतून जात्यांचे दगड खाली टाकले होते. आकाशातून जातं पडताना बघणारी जगातली पहिली माणसं ही आपली असतील. एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात विमानांनी धान्यही टाकलं, पण तेरा हजार पोटांना ते काय पुरणार? २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन निघाली. ती नदीत अडकून तुर्कांच्या हाती लागली. त्यानंतर पाच दिवसांत सगळं संपलं.

आणि घोडे. तोफखान्याचे, घोडदळाचे घोडे आणि खेचरं मारून खायला सुरुवात झाली होती. गोरे शिपाई आधीपासून खात होते. हिंदी शिपायांनी नकार दिला, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही. हिंदुस्थानातून पंडित आणि इमामांची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरी बहुतेक तयार होईनात. गावी कळलं तर वाळीत टाकतील, मुलींची लग्नं होणार नाहीत, ही भीती. एप्रिलात, पाय उचलेनासे झाले तेव्हा मोठ्या संख्येने त्यांनी ते मांस घेतलं. तोवर अनेकांच्या अंगात काही उरलं नव्हतं.

ताई, तुम्ही खंडोबाच्या घोड्याबद्दल लिहिलंत. मला जे वाटतंय ते तुम्हालाही वाटत असेल.

---

माणकाठची (सोमवार, दुपारी ३:०२)

वाटतंय. ऑफिसात बसून वाचलं आणि उठून बाहेर गेले.

आमचं कुलदैवत खंडोबा. दसऱ्याला घरी घोडं नसलं तरी लाकडी घोड्याला हळदकुंकू लावतात. त्या घरातल्या माणसाने घोडा खाल्ला असेल तर टाकाला हात कसा लावेल?

@फौजी_निवृत्त काका, पदक चांदीचं वाटत नाही. तपकिरी आहे, जुन्या पैशासारखं. नावाआधी चार अक्षरं असावीत, शेवटचं 'के' स्पष्ट आहे. मी ते नावाचाच भाग धरत होते. आज रात्री फोटो टाकते.

---

परखड (सोमवार, संध्याकाळी ६:४५)

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून लिहितो. ही माणसं लढली कुणासाठी? इंग्रजांच्या तेलासाठी. ज्या एप्रिलच्या अखेरीस कूट पडलं, त्याच एप्रिलच्या अखेरीस बेळगावात टिळकांनी होमरूल लीग उभी केली. एकीकडे स्वराज्याची मागणी आणि दुसरीकडे आपलीच माणसं परक्या राजासाठी तिसऱ्याच देशावर चालून जाताहेत. त्यांच्या हालांबद्दल वाईट वाटतं, पण याचा गौरव करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

फौजी_निवृत्त (सोमवार, रात्री ८:१०)

परखड साहेब, मत मांडलंत ते बरं झालं. पण माण-खटावातला माणूस पलटणीत का जायचा ते बघा. पायदळाच्या शिपायाला महिना ११ रुपये मिळायचे. पाऊस नाही, कर्ज डोक्यावर, भाऊ चार आणि जमीन एकाची. ११ रुपयांत घर चालायचं. तो राजासाठी गेला नाही, घरासाठी गेला. गौरव कुणी करत नाहीये. एका घरातलं माणूस काय सोसून आलं ते त्याच्या पणतीला समजून घ्यायचंय. अपशिंगे मिलिटरी या गावात जाऊन या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. त्या स्मारकासमोर उभं राहिलं की तेल कुणाचं हा प्रश्न सुचत नाही, माणसं कुणाची एवढंच सुचतं.

---

परखड (सोमवार, रात्री ८:५५)

काका, पटलं. इंग्रजांवरचा राग या माणसांवर काढायचा नाही, हे मान्य. माझे शब्द तसे वाटले असतील तर क्षमा असावी, ताई.

---

माणकाठची (सोमवार, रात्री १०:२०)

क्षमा कशाला, प्रश्न माझ्याही मनात येऊन गेलेला आहे.

फोटो टाकलेत. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून काढले, तेव्हा अक्षरं जरा उठून दिसली.

---

पलटणवेडा (सोमवार, रात्री ११:५०)

फोटो तासभर बघितले. ताई, हे सांगताना मला स्वतःला कसंतरी होतंय.

घोडेस्वार असलेलं हे 'ब्रिटिश वॉर मेडल'. (पंखवाली देवी असती तर ते व्हिक्टरी मेडल, ते सगळ्यांनाच तपकिरी मिळायचं.) वॉर मेडल शिपायांना चांदीचं दिलं. ब्राँझचं दिलं ते मजूर पलटणींना आणि फॉलोअर्सना. तुमचं ब्राँझचं आहे. आणि ती चार अक्षरं 'कुक' अशी आहेत. पहिलं सी, मधली दोन ओ, शेवटचं के.

तुमचे पणजोबा ११७ मराठाजचे लांगरी होते. त्या ३,२४८ मधले एक.

म्हणजे कूटमध्ये पलटणीच्या वाट्याचं मांस ज्यांच्यासमोर आणून टाकलं, त्यांतले ते.

---

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ६:५०)

काय लिहावं सुचत नाही.

---

शब्दखूण (मंगळवार, सकाळी १०:३०)

मी कोलकात्यात वाढले, म्हणून एक भर घालते. कूटच्या कैद्यांत बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरची मुलंही होती. त्यांतल्या शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांनी कैदेत असताना रोजनिशी लिहिली. सापडू नये म्हणून पानं फाडून बुटात लपवली आणि ती परत आणली. ते रास-अल-ऐनच्या इस्पितळात कामाला होते. त्यांनी तिथे आर्मेनियन लोकांचे हालही पाहिले. तुर्कांनी वाळवंटात हाकलून दिलेली बायकामुलं त्याच गावात, त्याच वाटेवर मरत होती. माणकाठचीताईंच्या पणजोबांनी ते पाहिलं नसेल असं शक्य नाही.

बंगालचा शिकलेला मुलगा लिहू शकला, म्हणून त्याची कैद आज वाचता येते. साताऱ्याच्या लांगऱ्याने एका खडकाला नाव दिलं. मला दोन्ही नोंदी सारख्याच वाटतात.

---

पलटणवेडा (मंगळवार, दुपारी १२:१५)

शब्दखूण, फार नेमकं लिहिलंत. कैदेचं राहिलंय ते लिहून टाकतो.

शरणागतीनंतर सगळ्यांना नदीच्या वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर नेलं. तुर्कांनी खायला लष्करी बिस्किटं दिली, काळी, विटेसारखी कडक, भुसा आणि माती मिसळलेली. उपाशी माणसांनी ती तशीच, नाहीतर नदीच्या पाण्यात भिजवून खाल्ली. आतडी सोलली गेली. लढाई संपल्यावर पहिल्या आठवड्यातच शेकडो माणसं जुलाब-वांत्यांनी गेली. तुर्कांच्या बाजूने "सन्मान्य पाहुणे" म्हणून वागवू असं आश्वासन दिलं होतं. तुर्की शिपायाची स्वतःचीही उपासमारच होती, हे खरं. पण रखवालदारांनी चाबूक आणि बंदुकीचे दस्ते वापरले, हेही खरं.

मग अधिकाऱ्यांना शिपायांपासून तोडलं. अधिकारी बोटीने बगदादला, शिपाई आणि फॉलोअर्स पायी. मे महिन्यात, इराकच्या उन्हात. बगदाद ते सामरा रेल्वे होती, तिथे रूळ संपायचे. पुढे तिक्रीत, मोसुल, नुसयबिन आणि रास-अल-ऐन. बूट भाकरीच्या तुकड्यासाठी विकलेले, पायांना चिंध्या. जो मागे पडला तो गेला. ब्रिटिश शिपायांपैकी सत्तर टक्के कैदेत मेले. हिंदी शिपाई आणि फॉलोअर्स मिळून तीन हजारांच्या आसपास मेले किंवा त्यांचा पत्ताच लागला नाही.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्याचा 'स्पॉट' नावाचा कुत्रा तुर्कांच्या परवानगीने इंग्रजांच्या छावणीत परत पाठवला आणि तो सुखरूप घरी पोचला. त्या कुत्र्याचं नाव इतिहासात आहे. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे, तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा. याचा मला मनापासून संताप येतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली. त्यांच्या संकेतस्थळावर आता मेलेल्यांची नावं शोधता येतात, पुष्कळदा बापाचं नाव आणि गाव, तालुकाही असतो. स्पेलिंग वाट्टेल ते असतं, दोन-चार प्रकारे शोधावं लागतं.

पण ताई, तुमचे पणजोबा परत आले, त्यामुळे ते तिथे सापडणार नाहीत. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत. तिथे प्रयत्न करा, पण पदकावरचं नाव इंग्रजीत जसं कोरलंय तसंच टाका.

---

नगरी (मंगळवार, दुपारी २:४०)

थोडं अवांतर, पण संबंध आहे. त्याच काळात आमच्या नगरला जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना कैदेत ठेवलं होतं. आपली माणसं तिकडे, त्यांची माणसं इकडे. दोन्हीकडच्या आया पत्राची वाट बघत असतील.

धागा जपून ठेवतोय.

---

माणकाठची (बुधवार, रात्री ९:१५)

काल-आज गावी होते. माझी सगळ्यात मोठी आत्या आता ऐंशीच्या जवळ आली आहे. पणजोबा गेले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. तिच्या मांडीवर पदक ठेवलं आणि या धाग्यात जे कळलं ते सगळं वाचून दाखवलं. शिपाई नव्हते, लांगरी होते, हे सांगायला मी जरा कचरत होते. आजोबांनी आयुष्यभर "माझा बाप फौजेत शिपाई होता" म्हणून सांगितलं होतं. आत्या म्हणाली, "मला ठाव हाय की. लग्नाकार्यात भात त्यांच्याशिवाय कुणी उतरवायचा नाही. पाचशे माणसांचा अंदाज नजरेनं घ्यायचे. शिपायाला कुठं येतंय ते?"

मग मी घोड्याचं विचारलं. ती बराच वेळ पदरानं पदक पुसत राहिली.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "एकदा मी इचारलं, आज्ज्या, तुम्ही खंडोबाला का शिवत न्हाई? तर म्हनले, लोकं उपाशी हुती, त्यांनी खाल्लं, त्यांना देव काय बी म्हननार न्हाई. मी ह्या हातानं कापलंय. पाळीव हुता त्यो. दावणीला हुता तवा त्याला रोज मूठभर जव दिलेला. मला बघून मान खाली केली त्यानं."

आणखी काही ते बोलले नाहीत आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. घोडा कुणाचा होता, तोफखान्याचा की एखाद्या साहेबाचा, ते तिला माहीत नाही. पणजोबांनी स्वतः ते खाल्लं की नाही, तेही माहीत नाही.

परत आल्यावर पायी जेजुरीला जाऊन आले होते. गडावर गेले, पण गाभाऱ्यात गेले नाहीत, पायरीवर भंडारा ठेवून उतरले. ही गोष्ट तिला तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या पणजीनं सांगितलेली.

पदक पेटीतून कधीच का काढलं नाही, तेही आता लक्षात आलं. त्याच्यावरही घोडाच आहे.

आत्याला मी विचारलं, मग टाक धुवायचं कोण? म्हणाली, "मीच की. पाच वर्साची असल्यापासनं." पणजोबा सकाळी देव मांडायचे आणि तिला हाक मारायचे. ती रांगोळीची चिमट घेऊन टाक घासायची, आणि ते शेजारी पाटावर, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे. नीट पुसलं नाही तर सांगायचे, पण बोट दाखवायचे नाहीत.

आज सकाळी तिने मला देव्हाऱ्यापुढे बसवलं, टाक माझ्या तळहातावर ठेवला आणि पणजोबा तिला सांगायचे तसंच मला सांगितलं: "आदी घोड्याचं पाय पूस. मग पोट. तोंड शेवटाला, हळू."